स्किट शोच्या एपिसोडवर लिहायचंय? आधी हसू कुठनं आलं ते शोध

प्रश्न नाशिकच्याच एका मुलाचा आहे. कॉलेजात एकांकिका करतो, आपली हास्यजत्रा आणि अमेरिकेचं सॅटर्डे नाईट लाईव्ह दोन्ही बघतो. त्यानं सॅटर्डे नाईट लाईव्हचा 22 ऑक्टोबर 2016 चा, हॉलिवूडचा टॉम हँक्स पाहुणा होस्ट असलेला एपिसोड परत बघून त्यावर लिहिलं आणि मित्रांनी त्याची जाम खेचली, म्हणे हा रिव्ह्यू नाही, मार्कशीट आहे. त्यानं लिहिलेलं असं: "सुरुवातीचं डिबेट ठीकठाक, ब्लॅक जेपर्डी भारी, लिफ्टवालं स्किट येडपट पण मजा आली, एक-दोन फिलर, 10 पैकी 7." आणि विचारतोय, ताई, स्किट शोच्या एका एपिसोडची समीक्षा करतात तरी कशी, नाटकासारखी गोष्ट नसते, पात्रं पाच मिनिटांनी बदलतात, मग पकडायचं काय.

मित्र बरोबर बोलतायत रे. पण त्यांनीही पुढचं सांगितलं नाही, म्हणून जरा लांबण लावते. मी नाशकात हौशी नाटकं बसवते, गणपती मंडळांपासून सातपूर-अंबडच्या कंपन्यांच्या गॅदरिंगपर्यंत सगळ्यांसाठी स्किटं लिहून दिलीत, आणि परीक्षकाच्या खुर्चीत बसून इतरांची पण भरपूर बघितलीत, त्यामुळे जे सांगतेय ते कागदावरचं नाही, तालमीतलं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे "भारी" आणि "मजा आली" ही तुझी बातमी झाली, स्किटची नाही. तू हसलास, ठीक आहे, पण हसू आलं कुठनं? लिहिणाऱ्याकडनं आलं, नटाकडनं आलं, त्या आठवड्याच्या बातम्यांनी उसनं दिलं, की कॅमेऱ्यानं आणि एडिटिंगनं आणून दिलं? एकाच स्किटमध्ये चारही असू शकतात, असतातच बहुतेक वेळा, पण मुख्य कोण ते ठरवल्याशिवाय पुढचं एक वाक्य लिहू नकोस. कारण दोष द्यायचा तर तो कुणाला द्यायचा हे त्याच्यावरच अवलंबून. लेखकानं काहीच दिलेलं नाही आणि नट बिचारा हातवारे करून ओढतोय, आणि आपण लिहितो "ओव्हरॅक्टिंग". हा अन्याय मी परीक्षकांकडून इतका झालेला बघितलाय ना, परशुराम साईखेडकर नाट्यगृहाच्या विंगेत नंतर नट रडवेला होऊन उभा असतो आणि ज्यानं संहिता लिहिली तो बाहेर चहा पीत असतो.

आता तुझाच एपिसोड घेऊ, चांगला निवडलायस.

सुरुवातीचं डिबेट. याला ते कोल्ड ओपन म्हणतात, टायटलच्या आधीचं स्किट. अॅलेक बाल्डविन ट्रम्प, केट मॅकिनन हिलरी क्लिंटन आणि टॉम हँक्स सूत्रसंचालक ख्रिस वॉलेस. राष्ट्राध्यक्षपदाच्या या दोन उमेदवारांचं खरं डिबेट झालं बुधवारी, 19 ऑक्टोबरला रात्री. आता या शोचा आठवडा कसा चालतो ते माहीत असलं पाहिजे, नाहीतर आपण काय बघतोय ते कळत नाही. सोमवारी होस्टबरोबर मीटिंग, कल्पना टाकायच्या. मंगळवारी रात्रभर लिखाण. बुधवारी सगळ्यांनी बसून वाचन, त्यात साधारण चाळीसेक स्किटं वाचली जातात आणि त्यातली मूठभर निवडतात. गुरुवारी परत खरडाखरडी, सेट उभे राहायला लागतात, शुक्रवारी ब्लॉकिंग म्हणजे कुणी कुठे उभं राहायचं ते बसवणं, शनिवारी रात्री 8 वाजता प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम, त्यात गरजेपेक्षा जास्त स्किटं करतात, कुठे लोक हसले नाहीत ते बघून काही कापतात, आणि साडेअकराला लाईव्ह. सहा दिवसात. आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकाला महिनोन् महिने तालमी चालतात आणि तरी शेवटच्या रात्री कुणाची तरी एन्ट्री चुकतेच.

म्हणजे बघ, डिबेट झालं ते वाचन उरकल्यानंतर. ते स्किट त्या आठवड्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसातच लिहिलं गेलं असणार. आणि ते दिसतं. खऱ्या डिबेटमधली जी वाक्यं आधीच गाजलेली, ती परत बोलली जातात, थोडी वाढवून, आणि प्रेक्षक ओळखीला हसतात. "हो हो, असंच म्हणाला होता" हे ते हसू. वाईट नाही, पण उसनं आहे. आज 2016 ची ती वाक्यं ज्याला आठवत नाहीत त्यानं हे स्किट बघावं, निम्मं हसू गायब. मॅकिनन मात्र टिकते, कारण ती नुसती नक्कल करत नाही, तिच्या हिलरीला काहीतरी पाहिजे असतं, ती जिंकण्यासाठी इतकी आतुर आहे की समोरचा माणूस स्वतःच खड्डा खणतोय याचा आनंद तिला लपवता येत नाही. नक्कल आणि पात्र यात हाच फरक. तुझ्या "ठीकठाक"च्या जागी हे यायला पाहिजे होतं: लिखाण उसनं, एक नटी त्याच्या वर.

मोनोलॉगवर, म्हणजे टायटलनंतर होस्ट येऊन प्रेक्षकांशी बोलतो त्यावर, तू काहीच लिहिलं नाहीस. हँक्स कार्डिगन घालून अख्ख्या अमेरिकेचा बाप असल्यासारखा देशाशी बोलतो, पोराला समजवावं तसं. साधी कल्पना, पण तिचं इंधन म्हणजे हँक्सची इतक्या वर्षांची प्रतिमा, आणि ते आधी सांगावं लागत नाही, प्रेक्षक घरून घेऊनच आलेत. आपल्याकडे हेच अशोक सराफांनी केलं तर चालेल आणि एखाद्या नव्या हिरोनं केलं तर नाही चालणार, बरोबर? पाहुण्याच्या प्रतिमेचा वापर केलाय की नुसता त्याला मध्ये उभा केलाय, हा प्रश्न होस्ट असलेल्या कुठल्याही एपिसोडला विचारायचाच. चला हवा येऊ द्या मध्ये सिनेमावाले प्रमोशनला यायचे तेव्हा हीच गंमत होती, काही एपिसोडमध्ये पाहुण्याला स्किटमध्ये ओढलेलं असायचं आणि काहींमध्ये तो सोफ्यावर बसून टाळ्या वाजवायचा, आणि सोफ्यावर बसलेल्याचे एपिसोड आज आठवतात का बघ.

ब्लॅक जेपर्डी. इथे थांबायचं, कारण लिखाण कसं असावं ते शिकायला यापेक्षा चांगला नमुना सापडायचा नाही. जेपर्डी हा अमेरिकेतला जुना क्विझ शो, त्यात उत्तर दिलेलं असतं आणि स्पर्धकानं प्रश्न सांगायचा असतो. त्याची ही काळ्या लोकांची आवृत्ती, कॅटेगऱ्या सगळ्या त्यांच्या घरातल्या, गल्लीतल्या बोलण्यातल्या. केनन थॉम्पसन सूत्रधार, सशीर झमाटा आणि लेस्ली जोन्स स्पर्धक. हे स्किट शोमध्ये आधीही झालेलं, आणि तेव्हा त्याचं खूळ असं होतं की एक बाहेरचा, बहुतेक वेळा गोरा, स्पर्धक येतो आणि त्याला काही कळत नाही. (खूळ हा माझा तालमीतला शब्द, स्किटमधली ती एकच येडी गोष्ट जिच्यावर सगळं उभं असतं.) आता यावेळी हँक्स येतो डग म्हणून, डोक्यावर ट्रम्पवाली लाल टोपी. सगळ्यांना वाटतं, आता हा उघडा पडणार. आणि डग बरोबर उत्तर देतो. फोन अंगठ्याचा ठसा मागतो, त्यावर डगचं उत्तर असं की छे, असंच तर पकडतात ते आपल्याला. सूत्रधार चाट. दुसरं उत्तर, परत बरोबर. सरकारवर विश्वास नाही, वरचे लोक आपल्याला फसवतात, पैसा पुरत नाही, हे सगळं डगच्या घरात आणि त्यांच्या घरात सेम निघतं.

लेखकांनी काय केलं ते बघ. जुनं खूळ उलटवलं. प्रेक्षकाची अपेक्षा हीच सेटअप म्हणून वापरली, त्यामुळे वेगळा सेटअप लिहावाच लागला नाही, टोपी दिसली की झालं. मग प्रत्येक उत्तराला एक पायरी वर. आणि मध्येच एक जागा आहे, सूत्रधार खुश होऊन हात मिळवायला डगकडे जातो आणि डग दचकून मागे सरकतो. मग मिळवतो हात. ही दोन सेकंदं. इथे हँक्स नट म्हणून किती मोठा आहे ते कळतं, कारण त्यानं डगला बावळट केलेलं नाही आणि गोडही केलेलं नाही. आणि शेवट. शेवटची कॅटेगरी उघडते, कुणाची आयुष्यं मोलाची याबद्दलची, म्हणजे ब्लॅक लाईव्ह्ज मॅटरवाला वाद, आणि डग म्हणतो मला याच्यावर बरंच बोलायचंय. सूत्रधाराचा चेहरा पडतो, मजा होती तोवर होती डग, असं काहीतरी म्हणतो आणि संपलं. इतका वेळ जी जवळीक वाढवत आणली ती एका पाटीवर तुटते. निवडणूक 8 नोव्हेंबरला होती, म्हणजे जेमतेम अडीच आठवडे राहिलेले. या स्किटनं त्या बातम्यांना बाहेरून उसनं घेतलं नाही, आतून वापरलं, म्हणून सुरुवातीच्या डिबेटपेक्षा हे जास्त राजकीय आहे आणि जास्त टिकलंय. एकाच एपिसोडमध्ये एकाच विषयाची दोन स्किटं, एक शिळं होतं आणि एक होत नाही, तुझा अख्खा रिव्ह्यू या एका तुलनेवर उभा राहिला असता. आणि तू लिहिलंस "भारी".

शेवटाबद्दल जरा जास्त बोलते कारण मराठीत आपण इथेच मार खातो. स्किट संपवणं हे सगळ्यात अवघड काम. खूळ सापडतं, पायऱ्या सापडतात, आणि उतरायचं कसं ते सापडत नाही. मग काय करतात? सगळे नाचायला लागतात. किंवा सगळे एकदम भांडायला लागतात आणि म्युझिक. किंवा, आणि हे आपलं खास, शेवटच्या मिनिटाला कुणीतरी डोळ्यात पाणी आणून सामाजिक संदेश देतो. आई-वडिलांना जपा, मुलगी वाचवा, शेतकरी. विषय महत्त्वाचे आहेतच, पण बारा मिनिटं ज्या म्हाताऱ्याची टिंगल केली त्याच्याच पायावर तेराव्या मिनिटाला डोकं ठेवायचं हे मला पटत नाही, आणि त्याला मिळणारी टाळी ही संदेशाला असते, स्किटला नाही. तू लिहिताना हे वेगळं काढायला शिक. सॅटर्डे नाईट लाईव्हलाही हा रोग आहेच बरं का, त्यांची कितीतरी स्किटं नुसती थांबतात, कॅमेरा मागे जातो, टाळ्या, जाहिराती. लाईव्ह असल्यामुळे एडिटमध्ये शेवट शोधायची सोय नाही.

लिफ्टवालं. त्यावर "येडपट पण मजा आली" यातला "पण" काढून टाक आधी. भुताच्या लिफ्टची राईड आहे, हॅलोविनची, केट मॅकिनन आणि बेक बेनेट हे जोडपं आत बसलंय, प्रत्येक मजल्यावर दार उघडतं आणि काहीतरी भयानक दिसतं. मग एका मजल्यावर दार उघडतं तर भोपळ्यांच्या डिझाईनचा सूट घातलेला टॉम हँक्स, दोन बाजूला हाडांचे सापळे नाचतायत, आणि तो सांगतो मी डेव्हिड एस. पम्पकिन्स, काही प्रश्न? असतातच की प्रश्न! कोण हा? ओळखायला पाहिजे का याला? हा कशातला आहे? आणि पुढच्या मजल्यांवर परत परत तोच. कागदावर हे वाचून दाखवलं असतं तर आमच्या ग्रुपनं मला वेड्यात काढलं असतं. मग चालतं कशामुळे? जोडप्यामुळे. तू हँक्सकडे बघत होतास, परत बघ आणि फक्त त्या दोघांकडे बघ. ते अगदी खरेखुरे गोंधळलेले गिऱ्हाईक आहेत, पैसे भरलेत, घाबरायचंय, आणि हे काय चाललंय ते प्रामाणिकपणे विचारतायत. येडेपणा करणारा एक आणि शहाणे दोन. शहाणे जितके खरे तितका येडा वर जातो. आपल्याकडे तमाशाच्या बतावणीत हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, सोंगाड्या उड्या मारतो पण त्याला खेळवतो तो समोरचा सरळ बोलणारा, आणि बक्षीस मात्र सोंगाड्याला. रिव्ह्यूत त्या सरळ बोलणाऱ्याचं नाव आलं पाहिजे, हा माझा हट्ट आहे.

याचा शेवटही बघ, दार उघडतं, फक्त सापळे आहेत, तो नाही, जोडपं विचारतं कुठे गेला, आणि तो त्यांच्या मागे लिफ्टमध्येच उभा. आणि ते खरंच घाबरतात! ज्याला भीतीदायक का म्हणायचं असा सगळा वाद चालला होता त्यानं शेवटी काम केलं. म्हणजे येडपट दिसणारं स्किट आतून अगदी चोख बांधलेलं आहे. लोकांना ते पात्र एवढं आवडलं की 2017 मध्ये त्याचा वेगळा अॅनिमेटेड स्पेशल काढला आणि 2022 मध्ये हँक्स परत तो सूट घालून आला. मला विचारशील तर नको होतं. कोण आहे हा, हेच तर खूळ होतं. सगळ्यांनाच माहीत झाल्यावर उरलं काय, सूट.

हीच गोष्ट आपल्या परत परत येणाऱ्या पात्रांना लागू होते. हास्यजत्रेतली नम्रता संभेरावची लॉली घे, गौरव मोरे शोमध्ये होता तेव्हाचा त्याचा फिल्टरपाड्याचा बच्चन घे. एन्ट्रीलाच टाळी पडते. ती टाळी आजच्या स्किटची नाही, मागच्या सगळ्या स्किटांची आहे. समीक्षकानं एन्ट्रीची टाळी वजा करून मग बघायचं की आज त्या पात्राला नवीन अडचण दिलीय का. नम्रता संभेराव एवढ्यासाठीच मला आवडते की ती ओळखीच्या पात्रातही त्या त्या प्रसंगाला रिअॅक्ट करते, नुसती वाक्यं टाकून जात नाही. पण लिखाणात नवीन काही नसेल तर तीही काय करणार.

आता एक भानगड जी बहुतेक रिव्ह्यू लिहिणाऱ्यांना चकवते. नट हसतो तेव्हा. 1 मे 2004 च्या एपिसोडमध्ये डेबी डाऊनर नावाचं स्किट आहे, रेचल ड्रॅच अशी बाई करते जी कुठल्याही आनंदाच्या प्रसंगात रोगराई नाहीतर अपघाताचं काहीतरी काढते, आणि प्रत्येक वेळी ट्रॉम्बोनचा तो रडका आवाज येतो. त्यात एकेक करून टेबलावरचे सगळे फुटतात, स्वतः ड्रॅचसुद्धा. लोक ते स्किट आठवतात ते त्यासाठीच. मोअर काऊबेल, 8 एप्रिल 2000 चं, त्यात गाण्याचं रेकॉर्डिंग चाललंय आणि निर्माता झालेला ख्रिस्तोफर वॉकेन सारखा काऊबेल म्हणजे गाईच्या घंटेसारखं वाद्य अजून वाजवा म्हणतो, त्यातही जिमी फॅलन हसू दाबताना दिसतो, ते वाद्य वाजवणारा विल फेरेल आणि वॉकेन मात्र ढिम्म. माझं मत असं की काऊबेल कुणी हसलं नसतं तरी टिकलं असतं, कारण वॉकेन ज्या गंभीरपणे ती मागणी करतो त्यातच सगळं आहे. डेबी डाऊनर मात्र त्या रात्रीचं आहे, नटांच्या फुटण्यासकट. दोन्ही आवडली तरी चालतील, पण लिहिताना ती एकाच खात्यात टाकू नकोस.

आणि आपल्याकडे याच्या पुढची पायरी आहे, सोफा. हास्यजत्रेत सई ताम्हणकर आणि प्रसाद ओक परीक्षक म्हणून बसलेले आपण वर्षानुवर्षं बघितलेत, प्राजक्ता माळी सूत्रसंचालन करते. पंच पडतो आणि कट, सोफ्यावर कुणीतरी पोट धरून हसतंय. तो शो लाईव्ह नाही, रेकॉर्ड होऊन एडिट होतो, म्हणजे तो शॉट तिथे कुणीतरी ठेवलाय. खोटं हसतात असं मी अजिबात म्हणत नाहीये, मी म्हणतेय की तो कट तुला सांगतो की इथे हसायचं. सेटवर त्या जागी किती वेळ शांतता होती हे तुला घरी बसून कळणार नाही. नाट्यगृहात बघ, कालिदास कलामंदिरात पंच पडला की पुढच्या रांगा आधी हसतात, मग ते मागे जातं, बाल्कनीपर्यंत पोचेस्तोवर नटाला थांबावं लागतं, आणि नाही पोचलं तर ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. टीव्हीवर ते पुसलं जातं. म्हणून मी पोरांना एक काम देते, एपिसोडमधलं एक स्किट बघताना सोफ्याचा कट आला की डोळे मिटायचे आणि हसण्याचा आवाजही मोजायचा नाही, फक्त नट आणि वाक्य. काय उरतं? समीर चौघुले असेल तर पुष्कळ उरतं, कारण तो माणूस दोन पंचांच्या मधल्या जागेत पण काहीतरी करत असतो, ऐकतो तो, समोरच्याचं खरंच ऐकतो. विशाखा सुभेदारबरोबरची त्याची जुनी स्किटं काढून बघ, दोघं एकमेकांना वाक्य देतात तेव्हा तुला कळेल टायमिंग म्हणजे फक्त घाई नाही.

सॅटर्डे नाईट लाईव्हमध्ये सोफा नाही पण वेगळी गोष्ट आहे, क्यू कार्ड. वाक्यं हातानं मोठ्या पुठ्ठ्यांवर लिहिलेली असतात आणि कॅमेऱ्याच्या बाजूला धरतात, कारण शेवटच्या क्षणापर्यंत बदल चालू असतात. त्यामुळे नट समोरच्याच्या डोळ्यात बघायच्या ऐवजी कुठेतरी बाजूला बघतोय असं दिसतं. नवीन बघणारा लिहितो "पाठांतर नाही, अॅक्टिंग कच्ची". तसं नसतं ते. नियम माहीत करून घेऊन मग टीका कर, आणि नियम माहीत असूनही खटकलं तर जरूर लिही, कारण काही होस्ट कार्डावरनं नजरच काढत नाहीत आणि स्किट मेलेलं असतं.

"फिलर" हा शब्द मला आवडत नाही, पण त्यात मुद्दा आहे म्हणून सांगते. दीड तासाचा शो, मध्ये विकेंड अपडेट म्हणजे बातम्यांचं डेस्क, जे 1975 च्या पहिल्या एपिसोडपासून चालू आहे, 2016 मध्ये कॉलिन जोस्ट आणि मायकेल चे त्या डेस्कवर होते. गाण्याचा पाहुणा दोनदा येतो, तुझ्या एपिसोडला लेडी गागा. आणि रात्री एकला दहा कमी असताना जे शेवटचं स्किट असतं ती जागा विचित्र स्किटांची मानली जाते, ज्याच्यावर सगळ्यांचा भरोसा नसतो पण कुणाचा तरी जीव असतो. म्हणजे जागेनुसार अपेक्षा बदलते. पहिल्या अर्ध्या तासात फसलेलं स्किट आणि शेवटच्या दहा मिनिटात फसलेलं स्किट यांना एकच काठी लावू नये. पण हे तुला दिसणार कधी, तू अख्खा एपिसोड सलग बघितलास तर! आपण बघतो यूट्यूबवर तुकडे, तेही ज्याला जास्त व्ह्यूज ते आधी. क्रम गेला की एपिसोडच गेला, उरतो स्किटांचा ढीग. हास्यजत्रेचंही तेच, सोनी लिव्हवर पूर्ण एपिसोड असतात तरी लोक रील बघून "आजकाल मजा नाही राहिली" लिहितात. तू जर तुकडे बघून लिहिणार असशील तर सरळ लिही की या स्किटवर लिहितोय, एपिसोडचं नाव घेऊ नकोस. आणि सॅटर्डे नाईट लाईव्हच्या यूट्यूब चॅनेलवर कधीकधी वेळेअभावी कापलेली स्किटं पण टाकतात, ती जरूर बघ, एखादं कापलेलं स्किट ठेवलेल्यापेक्षा चांगलं निघालं तर तो रिव्ह्यूचा मुद्दा होतो.

मार्क देऊ का, विचारलंयस. नको देऊस. स्पर्धेत मला द्यावे लागतात कारण तिथे करंडक एकच असतो, तुला कुणी सक्ती केलीय? चांगल्या आणि वाईट भागाला सारखी जागा द्यायचाही प्रयत्न करू नकोस, एक स्किट असं निवड ज्याच्यावर तुला खरंच काहीतरी सांगायचंय, त्याला निम्मी जागा दे, बाकीचं दोन ओळीत उडव. वाचणाऱ्याला सगळ्या स्किटांची हजेरी नको असते. आणि लेखकांची नावं शोध. पम्पकिन्सच्या मागे मायकी डे, स्ट्रीटर सायडेल आणि बॉबी मॉयनिहन होते, त्यातले डे आणि मॉयनिहन तर ते नाचणारे सापळेच. आपल्याकडे हास्यजत्रेचे सचिन मोटे, सचिन गोस्वामी ही नावं निदान माहीत तरी झालीत, पण आज स्किट कुणी लिहिलंय ते बघायला किती जण थांबतात?

जात, रंग, वजन, पुरुषानं साडी नेसणं यावरच्या विनोदाबद्दल विचारलंयस की टोकलं तर लोक "हलकं घे" म्हणतात. टोक की. फक्त आधी बघ की विनोद कुणाच्या बाजूनं उभा आहे. जाड नटीनं स्वतः लिहिलेल्या, तिला हवं ते मिळवणाऱ्या पात्रावर हसणं वेगळं आणि ती आत आली की जमीन हलल्याचा साऊंड इफेक्ट टाकणं वेगळं. दुसरं तर मला नैतिकतेच्या आधी आळशीपणाच वाटतं, तो इफेक्ट कुठल्याही शोच्या कुठल्याही एपिसोडला लावता येतो, त्यात त्या दिवशीचं काहीच नाही.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, इंग्लिश पूर्ण कळत नाही, सबटायटल लावून बघतो, मग लिहायचा अधिकार आहे का. आहे की. अर्ध्या अमेरिकेलाही त्यांच्याच शोमधले न्यूयॉर्कचे संदर्भ लागत नसतील. फक्त सबटायटलचा एक त्रास आहे, पंच नट बोलायच्या आधीच खाली वाचून होतो आणि मग तुला वाटतं टायमिंग फसलं. म्हणून पहिल्यांदा सबटायटलशिवाय बघ, कळलं नाही तरी चालेल, कुठे हॉल हसला ती वेळ कागदावर टिपून ठेव. मग सबटायटल लावून बघ आणि त्या वेळांसमोर लिही की तिथे वाक्य होतं, की नुसतं कुणीतरी बघितलं, की कोणी काहीच केलं नव्हतं. लिफ्टवाल्या स्किटला हे करून बघ, बऱ्याच जागी तुला वाक्यच सापडणार नाही, मॅकिननचा चेहरा सापडेल.